जिवंत माणसाचं पोस्ट ऑफिस

लिफ्टचं दार मिटता मिटता सॉल पेलेग्रिनोनं मध्ये पाय घातला. दार पुन्हा उघडलं, आणि आधी पोट व मग स्वतः असा तो आत आला. "अभिनंदन रे मर्ल! पोस्ट ऑफिस मिळतंय म्हणे तुला!" मर्ल हॅनवे हसला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात उभी हयात घालवल्यावर एक गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली होती, की कुणी काही बोललं आणि ते कळलं नाही तर आधी हसायचं, मग कळून घ्यायचं. "कुठलं पोस्ट ऑफिस?" त्यानं विचारलं. "घ्या! लाजतोय बघा नवरीसारखा. अरे, तुझ्या गावचं. उद्या येतंय बिल. कार्यक्रमपत्रिकेवर पाचवं की सहावं आहे." सॉल न्यू जर्सीचा, विरुद्ध पक्षाचा. समितीत दोघं समोरासमोर बसत आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या दुरुस्त्या पाडत आले होते. "एक सांगू? पोस्ट ऑफिस मिळालेला माणूस मला इथल्या लिफ्टमध्ये परत कधी भेटलेला नाही!" स्वतःच्याच विनोदावर सॉल खो खो हसला, मर्लच्या पाठीत एक थाप मारली आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेला. मर्ललाही तिथंच उतरायचं होतं. तो उतरला नाही. दार मिटलं, लिफ्ट उगाच तळघरापर्यंत गेली आणि त्याला घेऊन परत वर आली.

हे खरं तर हसण्यावारी न्यायचं होतं, पण मर्लच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पोस्टाच्या इमारतीला नाव देण्याचं बिल म्हणजे सभागृहातलं सगळ्यात निरुपद्रवी काम. त्याला पैसा लागत नाही, त्यावर भांडण होत नाही, वर्तमानपत्रवाले ढुंकून बघत नाहीत. पण नाव कुणाचं देतात? लढाईत गेलेल्या पोराचं. मेलेल्या महापौराचं. आगीत शिरून परत न आलेल्या बंबवाल्याचं. आणि कधी मधी, चालता बोलता असलेल्या पण निघालेल्या माणसाचं, ज्यानं आपण पुढली निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलंय अशा सभासदाचं. मर्लनं तसं काही जाहीर केलं नव्हतं. उलट या महिनाअखेर अर्ज भरायची मुदत होती आणि तो भरणार होता. भरायचा की नाही हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता, सकाळी दाढी करायची की नाही हा पडत नाही तसा. मग ही वार्ता आली कुठून? दगडी बोळातून आपल्या ऑफिसकडे जाताना त्याला वाटलं, आज जो तो जरा जास्तच अदबीनं वाट सोडतोय. कोपऱ्यावरचा पहारेकरी रोज म्हणतो, "काय साहेब, कसं काय?" आज तो म्हणाला, "काळजी घ्या साहेब." काळजी? कसली काळजी? आपला चेहरा काय आजारी दिसतोय? भिंतीवरच्या काचेत त्यानं स्वतःला पाहून घेतलं. टाय सरळ होता. केस होते तेवढे जागच्या जागी होते. आणि मग त्याला ती दुसरी गोष्ट आठवली, आणि त्याचा पाय तिथंच थबकला. अशा बिलावर राज्यातल्या एकूण एक सभासदाचं नाव लागतं. एक जरी नाव कमी पडलं तरी समिती बिलाला हात लावत नाही. इथला रिवाजच तो. राज्यातला सगळ्यात जुना सभासद कोण? मर्ल हॅनवे. म्हणजे त्याचंही नाव त्या बिलावर असणार. मग ते घातलं कुणी?

ओहायोच्या त्याच्या नदीकाठच्या मतदारसंघात अशी चौदा-पंधरा पोस्टं तरी त्याच्या हातून नाव घेऊन उभी होती. प्रत्येक ठिकाणी तो गेला होता. तेच ते: ताज्या रंगाचा वास, कडेला टेबलावर भला मोठा चौकोनी केक, कागदी पेल्यांतली कॉफी, शाळेच्या बँडचा एक सूर हमखास चुकलेला, आणि पितळी पाटीवर निळं कापड. कापडाची दोरी आईच्या हातात द्यायची, किंवा बायकोच्या. दोरी ओढताना तिचा हात थरथरतो, तेव्हा तिच्या कोपराखाली आपला हात धरायचा, म्हणजे फोटो चांगला येतो आणि बाईही पडत नाही. पाटी उघडली की टाळ्या. टाळ्यांनंतर बाई नेहमी पाटीवरून बोट फिरवते, अक्षरांवरून. मर्ल तेव्हा कधी पाटीकडे बघत नसे. तो गर्दीकडे बघे आणि माणसं मनात नोंदवून ठेवी: हा ओक्सचा थोरला, ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, याचा भाऊ धक्क्यावर बोटी ओढतो. हीच त्याची विद्या. मोठमोठे कायदे त्यानं केले नाहीत. ते करणारे आले आणि गेले. त्यानं माणसांची नावं लक्षात ठेवली. आणि आता आयरीन, त्याची बायको, आपल्या गावच्या पुलापाशी उभी आहे, तिच्या हातात दोरी आहे, आणि तिच्या कोपराखाली कुणाचा तरी हात आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो हात कुणाचा हे त्याला लगेच दिसलं. ब्रॉडी लेमास्टरचा.

ब्रॉडी शेजारच्या मतदारसंघाचा, मर्लच्याच पक्षाचा, चाळिशीही न ओलांडलेला. गेल्या शिरगणतीत राज्याची एक जागा गेली, नकाशा नव्यानं आखला, आणि मर्लचा मतदारसंघ आणि ब्रॉडीचा मतदारसंघ यांची मोट बांधून एकच केला गेला. सभासद दोघं, खुर्ची एक. एवढं लख्ख गणित असताना दोघांनी त्यावर एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. भेटले की ब्रॉडी मुलांचे फोटो दाखवी आणि मर्ल मुलांची नावं अचूक घेई. आताही तो समोरून येताना दिसला, कानाला फोन, चालण्यात ती शाळेतल्या फुटबॉलवाल्या पोराची ऐट. मर्लला बघताच त्यानं फोन खिशात टाकला. इतक्या झटकन का टाकला?

"काय रे ब्रॉडी, पोस्ट ऑफिस बांधतोयस म्हणे."

ब्रॉडीचं तोंड लहान मुलासारखं पडलं. "हात्तिच्या! कुणी सांगितलं? सर, तुम्हाला उद्या सभागृहातच कळायचं होतं. आयरीनबाईंनी पण शपथ घातली होती सगळ्यांना."

"आयरीननं?"

"त्यांना विचारल्याशिवाय कसं करणार? घरच्यांची परवानगी घ्यावी लागते ना." घरच्यांची परवानगी. गेलेल्या माणसाच्या घरच्यांची घेतात ती. "आणि सर, खरं सांगू? राज्यातल्या सगळ्या सह्या गोळा करायला मला महिना लागेल असं वाटलं होतं. पण सगळ्यात पहिली सही कुणाची आली माहितीये? तुमच्याच ऑफिसातून!" ब्रॉडी हसला. चांगला हसतो, मर्लनं मनात म्हटलं. दात सगळे स्वतःचे आहेत. "तुम्ही आमच्यासाठी काय केलंय सर, ते आम्हालाच माहीत. निदान एवढं तरी." त्यानं मर्लचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. केसानं गळा कापणारा माणूस कसा असतो असं कुणी विचारलं तर मर्ल एरवी म्हणाला असता की दिसायला तरी तो ब्रॉडीसारखा नसतो. पण आज त्याला वाटलं, असाच असतो. हातही असाच गरम असतो त्याचा.

ऑफिसात येऊन त्यानं दार लावून घेतलं आणि मग थोडं उघडं ठेवलं. फटीतून नोरीन डोसेटचं टेबल दिसत होतं. नोरीन त्याच्या ऑफिसची मुख्य. पहिल्या निवडणुकीत पाकिटं चिकटवायला आलेली कॉलेजातली पोरगी, ती आता चष्म्याला साखळी लावून बसलेली बाई झाली होती. लग्न केलं नाही तिनं. का केलं नाही हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी आज त्याला वाटलं की विचारायला हवं होतं. म्हणजे तिच्या मनात आपल्याबद्दल काय काय साठलंय याचा काही अंदाज आला असता. जत्रेत, मेळाव्यात ती त्याच्या डाव्या खांद्यामागे एक पाऊल चाले. समोरून माणूस येताना दिसला की तिचे ओठ हलत: डेल ओक्स, गुडघ्याचं ऑपरेशन. बेटी स्लोन, नातू नौदलात. लोक म्हणत, काय स्मरणशक्ती आहे हो या माणसाची! पहिली वीस वर्षं तर त्याला तिची गरजही लागली नव्हती; ती नुसती सावली होती, काठी नव्हे. पण या ऑगस्टात नदीकाठच्या मासळीच्या जेवणाला, तळणाच्या धुरात डोळे चोळत असताना डेल ओक्स पुढे आला, आणि मर्लनं त्याचा हात हातात घेऊन मोठ्या मायेनं विचारलं, "वडील कसे आहेत?" डेल बघतच राहिला. भोवतालचे बघत राहिले. वडिलांना वसंतात मूठमाती दिली होती, आणि शवपेटीशी उभं राहून भाषण मर्लनंच केलं होतं. डेल म्हणाला, "बरे आहेत साहेब, आता त्रास नाही काही." चांगला माणूस, झाकून घेतलं त्यानं. पण ब्रॉडी लेमास्टर तिथंच होता, हातात मक्याचं कणीस घेऊन, दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या जेवणाला. तो कशाला आला होता? त्याला बोलावलं कुणी? आणि नोरीन, जी कधी चुकत नाही, ती त्या क्षणी का बोलली नाही? तेव्हा मर्लला वाटलं होतं, धुरानं तिला ठसका लागला असेल. आता फटीतून तिची पाठ बघताना त्याला वाटलं, तिला ठसका लागलाच नव्हता.

त्यानं घरी फोन लावला. आयरीन बागेतून धावत आलेली असावी, दम लागला होता तिला. "मर्ल? बरा आहेस ना? या वेळेला फोन?"

"पोस्ट ऑफिसचं कळलं मला."

"अगंबाई! कुणी फोडलं? त्या ब्रॉडीला पोटात काही राहत नाही." ती हसत होती. "मी आपलं ठरवलं होतं, उद्या टीव्हीसमोर बसायचं. शेजारच्या मार्थाला बोलावलंय, ॲपल पाय करणार आहे. किती छान ना रे? आपलं पुलाजवळचं पोस्ट! तुझे बाबा जिथं तिकिटं विकायचे तिथं तुझं नाव."

"तू हो म्हणालीस."

"नाही कशाला म्हणू?"

"आयरीन, पोस्टाला नाव कुणाचं देतात?"

ती म्हणाली, "थकलेल्या माणसाचं देतात, मर्ल." आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला तो जास्त लागला. "तू काही बोलत नाहीस, मीही विचारत नाही. पण घरी येतोस शुक्रवारी, आणि रविवारी संध्याकाळी बॅग भरताना तू मला विचारतोस की उद्या कुठं जायचंय. मी सांगते, वॉशिंग्टनला. तू म्हणतोस, हो हो, वॉशिंग्टनला. दर रविवारी, मर्ल." तो म्हणाला की तो थट्टा करत असतो. ती म्हणाली, "असेल." असेल म्हणजे काय? असतोच तो थट्टा करत. की ही बाई आता प्रत्येक थट्टा जपून ठेवतेय, पुढेमागे पुरावा म्हणून? चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो ती आपल्याला मोजत होती, आणि मोजून झाल्यावर तिनं परस्पर होकारही देऊन टाकला. फोन ठेवताना ती म्हणाली, "निळा टाय लाव उद्या." त्याला रडू आलं आणि रागही आला. कुठलं आधी आलं ते त्याचं त्यालाच समजेना.

"नोरीन!" त्यानं हाक मारली. ती आली, दार लावून घेतलं, आणि बसली नाही. नेहमी बसते.

"माझी सही कुणी केली?"

"तुम्हीच केलीत." ती शांतपणे म्हणाली. "म्हणजे तुमच्या हुकमानं झाली. पहिल्या वर्षीच सांगून ठेवलंय तुम्ही: पोस्टाच्या नावांची बिलं मला दाखवत बसू नका, आली की सही ठोका, कोण मेलंय ते मी भाषणाच्या दिवशी बघीन. आजवर तसंच चालत आलंय. खालच्या पोरीनं आलेल्या गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या, त्यात हेही गेलं. तिनं नाव वाचलंच नाही."

मर्लला हसू फुटलं असतं. आपल्या मरणाच्या दाखल्यावर आपणच न वाचता सही केली! दुसऱ्या कुणाचं असतं तर सॉलला जेवताना सांगून त्यानं टेबल हलवलं असतं. "आणि तू? तू वाचलंस?"

नोरीननं चष्मा काढला. साखळीवर तो तिच्या छातीशी लोंबत राहिला. "वाचलं. गठ्ठा खाली जायच्या आधी वाचलं. थांबवू शकले असते. नाही थांबवलं."

इतक्या वेळ ज्या संशयामागे तो धावत होता तो असा स्वतःहून समोर येऊन उभा राहिला. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. खोटं कसं उसवायचं ते त्याला येत होतं. "ब्रॉडीनं नोकरी देऊ केलीय तुला."

"हो."

"आणि?"

"मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला अजून चार वर्षं नोकरी करायला हवी, साहेब. माझं घर काही सभागृह चालवत नाही."

"म्हणून माझं श्राद्ध घालतेस जिवंतपणी? त्या मासळीच्या जेवणाला तू गप्प बसलीस. मुद्दाम. त्याला दाखवायला."

तिचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत तिला रडताना त्यानं पाहिलं नव्हतं आणि आताही ती रडली नाही. "मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. डेल ओक्स, वडील गेले. डेल ओक्स, वडील गेले. तुम्ही मान हलवलीत, आणि मग विचारलंत." ती दाराकडे गेली आणि मुठीवर हात ठेवून उभी राहिली. "निवडणूक लढलात तर ब्रॉडी तुमच्याविरुद्ध घाणेरडं काही करणार नाही, तो वाईट नाही. पण त्याची माणसं करतील. त्या धुरातली ती गोष्ट प्रचाराच्या जाहिरातीत टीव्हीवर लावतील, दिवसातून दहा वेळा. हॅनवेसाहेब, मला ते बघवणार नाही. तुम्ही टाळ्या घेऊन जावं असं मला वाटलं. चूक असेल तर चूक."

"अर्जाचे कागद काढ," मर्ल म्हणाला. "मतदारांच्या सह्या गोळा करायला पोरांना लाव उद्यापासून. मी उभा राहणार आहे."

"बरं," नोरीन म्हणाली. नुसतं बरं. यातही त्याला काहीतरी दडलेलं वाटलं. ती गेल्यावर तो बराच वेळ विचार करत बसला की तिनं खरंच दोनदा सांगितलं का. धुराचा वास आठवत होता, तेलाची चरचर आठवत होती, डेलच्या हाताचा घट्टा आठवत होता. तिचा आवाज मात्र काही केल्या आठवेना. आणि आठवत नाही म्हणजे तो नव्हताच असं म्हणायला आता त्याची जीभ धजेना. इथंच त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ब्रॉडी, नोरीन, आयरीन यांच्यावर नजर ठेवता येते. स्वतःच्या डोक्यावर नजर कुणी ठेवायची? घरातलाच चोर, आणि पहारेकरीही तोच.

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात गेला तेव्हा निळा टाय लावला नव्हता. अशा बिलांच्या वेळी सभागृह ओसच असतं; राज्यातले दहा-बारा जण तेवढे आलेले. ब्रॉडी बोलायला उठला आणि छान बोलला. पुराच्या वर्षी मर्ल हॅनवे कसे कमरेएवढ्या पाण्यात उतरून वाळूच्या पिशव्या लावत होते, धरणाच्या दाराचं काम कसं त्यांनी धसास लावलं. मग एकेक जण उठला. सगळे चांगलं बोलले. मर्ल मागच्या बाकावर बसून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याला जाणवलं की पुराची गोष्ट जरा वेगळी होती. पाणी गुडघ्याएवढं होतं, आणि पिशव्या लावणारा त्याचा भाऊ होता. तो फक्त फोटोपुरता उतरला होता. पण ते पाणी कमरेपर्यंत त्यानंच चढवत नेलं होतं, दर निवडणुकीला चार बोटं. आता त्या खोट्या पाण्यात हे सगळे मिळून त्याला हळूच बुडवत होते, आणि तोंडानं म्हणत होते की केवढा मोठा माणूस. अध्यक्षांच्या खुर्चीत त्या दिवशी कुठलीशी तरुण सभासद बाई होती. तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, होकार असेल त्यांनी होय म्हणा. दहा-बारा आवाज आले. नकार असेल त्यांनी नाही म्हणा. काही नाही. "होकार मंजूर..." असं ती म्हणतेय तोच मर्ल उभा राहिला.

"अध्यक्षबाई, मी नोंदवून मतदान मागतो."

ती गोंधळली. नोंदवून मतदान मागतो तो विरोधक. ब्रॉडी मान वळवून बघत राहिला. पण म्हाताऱ्याचा मान म्हणून की गंमत म्हणून, हवे तेवढे लोक उभे राहिले, आणि मतदान संध्याकाळी ठेवलं गेलं. मर्लनं असं का केलं हे कुणाला कळलं नाही. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. आवाजात माणूस लपतो. भिंतीवर लपत नाही. मत दिलं की भिंतीवरच्या फळ्यावर नावासमोर दिवा लागतो, हिरवा नाहीतर लाल. एकेकाचं नाव त्याला बघायचं होतं. या चारशेहून अधिक माणसांत एक तरी असेल ज्याला आपण इथं हवे आहोत. एक लाल दिवा. फार नको होते त्याला. एक दिसला असता तरी तो उद्या ताठ मानेनं अर्ज भरायला गेला असता.

संध्याकाळी सभागृह भरलं. गावोगावहून विमानानं आलेले लोक, अंगावर अजून बाहेरचा गारठा, आत येता येता आपलं कार्ड खोबणीत सरकवायचं, बटण दाबायचं आणि गप्पा मारायला मोकळं व्हायचं. बिल कशाचं आहे हेही निम्म्यांना माहीत नसतं. त्यानंही आयुष्यभर असंच केलं होतं. फळा हिरवा होऊ लागला. ब्रॉडी हिरवा. राज्यातले सगळे हिरवे. ज्यांना त्यानं पूल मिळवून दिले ते हिरवे, ज्यांचे पूल त्यानं पाडले ते हिरवे. शेवटच्या ओळी भरत आल्या तेव्हा एकदम मधोमध एक लाल ठिणगी पेटली. पेलेग्रिनो. मर्लला पहिल्यांदा संताप आला: एवढी वर्षं भांडलो, आता दोन शब्दांची टीचभर पाटीही बघवत नाही याला! मग क्षणात दुसरा विचार आला: याच्या पक्षाला समोर म्हातारा उमेदवार हवा असेल, पाडायला सोपा. आणि मग, या सगळ्या चिखलातून वाट काढत, तिसरी गोष्ट वर आली. सॉलला मी जायला नकोय. भांडायला का होईना, समोर हवाय. बाकी सगळ्यांनी गोड बोलून दार दाखवलं, आणि हा एकटा दारात आडवा उभा आहे. बाकांतून वाट काढत मर्ल त्याच्यापाशी गेला.

"सॉल, तू... मी विसरणार नाही हे."

"काय झालं?" सॉल कुणाला तरी मासे पकडण्याची गोष्ट सांगत होता. मर्ल बघत होता तिकडे त्यानं वर पाहिलं. "अरे देवा! लाल? माझा? या जाड बोटांचं काय करू मी! माफ कर रे मर्ल, शप्पथ सांगतो, बघितलंच नाही." आणि तो आपलं पोट सांभाळत, लोकांना ढकलत पुढे मेजाकडे धावला, चिठ्ठी देऊन मत बदलायला. लाल दिवा गेला. हिरवा लागला.

आता फळ्यावर एकच नाव बिनदिव्याचं होतं. वेळ संपली होती, पण अध्यक्षबाई हातोडा आपटत नव्हती; अदबीनं थांबली होती. "अजून कुणाला मत द्यायचंय?" हळूहळू गप्पा थांबल्या आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. नोरीन मागच्या कठड्याशी उभी होती, हात छातीशी. तिकडे घरी आयरीन टीव्हीसमोर बसली असेल, मार्थाला म्हणत असेल, बघ, आता. मर्लनं कार्ड खोबणीत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं बटण त्यानं इतकं नीट बघून दाबलं. लाल.

ब्रॉडी हसला, मनापासून हसला, आणि टाळ्या वाजवत उभा राहिला. "बघा! स्वतःच्याच विरुद्ध! हा माणूस असाच आहे!" कुणीतरी म्हणालं, "केवढा निगर्वी!" अख्खं सभागृह उभं राहिलं, दोन्ही बाजू, हसत, टाळ्या पिटत. सॉलनं येऊन त्याला मिठी मारली. "मानलं लेका! जाता जाता काय मारलंस!"

"मी खरंच नाही म्हणतोय," मर्ल म्हणाला. त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, "मी जात नाहीये!" टाळ्या वाढल्या. मग या लोकांना जरा गप्प करावं, दोन शब्द नीट बोलावे, म्हणून त्यानं हात वर केला. आणि सगळ्यांनी हात वर करून त्याला निरोप दिला.